वाणात लुटलेली बॅग

त्या कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. फुकटची जाहिरात कशाला करायची? एवढंच सांगते की मला त्या कंपनीवर सूड उगवायचा होता. थोडाथोडका नाही, पोटभर. तो मी उगवला. कसा उगवला आणि लागला कुणाला, ते सांगायला बसले आहे.

आमचं दुकान वर्ध्यात, बाजाराच्या रस्त्यावर. सासऱ्यांनी पत्र्याच्या ट्रंका विकायला सुरुवात केली. ट्रंका गेल्या, सुटकेसा आल्या, मग चाकांच्या बॅगा, शाळेची दप्तरं, नवरीच्या पर्सा. सासरे गेल्यापासून नवरा खरेदीचं बघतो आणि काउंटरवर मी. गिऱ्हाईक बहुतेक बायकांचं, आणि बायकांशी बोलणं ह्यांना उभ्या जन्मात जमलेलं नाही. माझ्या काउंटरवर भाव करणं हा खेळच होता. मी शंभर जास्त सांगायची, समोरची दोनशे कमी मागायची, मध्ये कुठेतरी आम्ही भेटायचो आणि दोघींनाही आपण जिंकलो असं वाटायचं. त्या खेळात कुणी कुणाला फसवत नव्हतं.

मग नागपूरहून कंपनीचा साहेब आला. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, पण बोलणं असं की जणू आम्हाला शिकवायलाच जन्माला आला. बाजारात एकाच दुकानाला माल देणार म्हणाला, आणि आमचं दुकान निवडलं म्हणून आम्ही हुरळलो. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय. त्याने काचेचं कपाट करायला लावलं, आत पिवळे दिवे लावायला लावले. दप्तरांची रास त्या कपाटापासून दहा फूट लांब हलवायला सांगितली. बॅग दाखवताना हातात पांढरे मोजे घालायचे, हाही नियम. आणि सगळ्यात मोठा नियम, भाव करायचा नाही. एक रुपया कमी नाही.

"मॅडम, ही पिशवी नाही," तो म्हणाला, "ही इमेज आहे. तुम्ही दहा रुपये कमी केलेत तर ते दहा रुपये इमेजमधून जातात."

मला ते पटलं होतं, हे कबूल करते. सासूबाईंना मात्र नाही. त्या दुकानात आल्या, मला मोजे चढवताना पाहिलं आणि म्हणाल्या, "पिशवीले एवढं सोवळ्यात काऊन ठेवून राह्यली वं? तिले काय नैवेद्य दाखवाचा आहे?" मी त्यांना गप्प केलं.

आर्वीच्या बाई पहिल्यांदा आल्या त्या त्याच हिवाळ्यात. आर्वीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिलेली. पहिल्या खेपेला त्यांनी काचेतूनच बॅग पाहिली आणि नातीसाठी दप्तर घेऊन गेल्या. दुसऱ्या खेपेला भाव विचारला. नऊ हजार ऐकून "अरे बाप रे" म्हणाल्या आणि हसल्या. तिसऱ्या खेपेला, महिन्याभराने, पैसे घेऊनच आल्या. मी मोजे घालून बॅग काढली. तपकिरी, सोनेरी अडकण असलेली. त्यांनी आधी पदराला हात पुसले, मग ती हातात घेतली.

आयुष्यात स्वतःसाठी एवढं महाग काही घेतलं नाही, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. नागपूरची मोठी जाऊ पैसेवाली. पंचवीस वर्षं कार्यात भेटली की ह्यांच्या हातातल्या कापडी पिशवीकडे बघून काहीतरी बोलते. एकदा हसत हसत चारचौघींत म्हणाली होती, की आमच्या आर्वीवाल्या लग्नाला येतात की भाजी आणायला, तेच कळत नाही. आता त्याच जावेच्या मुलाचं लग्न होतं.

"तिच्या तोंडाले तोंड देता येत नाई मले," बाई म्हणाल्या. "म्हटलं, ह्या खेपेले खांद्यावर काहीतरी असं पाह्यजे, की ती बोलनच नाई."

मग त्यांनी भाव कमी करायला सांगितला. दोनशेच. "एस्टीत आम्हा बायांले अर्धं तिकीट लागते, तुमच्या इथं काऊन नाई?" असं म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो. कुठल्याही दुसऱ्या बॅगेवर मी पाचशे सोडले असते. पण नियम.

मी म्हटलं, "बाई, ह्या बॅगेचा भाव कधी पडत नाई. तुम्ही आज जेवढे देऊन राह्यल्या तेवढेच उद्या दुसरीले द्या लागन. म्हणून तं हिले मान आहे. माहा शब्द आहे."

शब्द. दिला मी. साहेबाचा शब्द होता, पण तोंड माझं होतं. बाईंनी पुरे पैसे दिले, मशीनमधून निघालेलं बिल घडी करून पाकिटात ठेवलं आणि बॅग छातीशी धरून एस्टी स्टँडकडे गेल्या.

त्यानंतर दीड महिना गेला नसेल. संक्रांतीला कंपनीने मोबाइलवर सेल लावला, चाळीस टक्के कमी. मला वाटलं, चूक झाली असेल. मग महिला दिनाला पन्नास टक्के. मग गुढीपाडवा. मग कसलाच सण नव्हता तेव्हा "शेवटचे चोवीस तास" आले आणि ते चोवीस तास महिनाभर संपले नाहीत. दोनशे रुपयांनी जी इमेज फुटणार होती तिच्यावर आता रोज हातोडे पडत होते, आणि हातोडा धरणारा हात कंपनीचाच.

माझ्या काउंटरवर काय झालं ते सांगते. बायका येत, कपाटासमोर उभ्या राहत, बॅग हातात घेऊन वास घेत, खांद्याला लावून आरशात बघत, आणि माझ्याच समोर मोबाइल काढून तिचा भाव पाहत. मग बॅग मला परत देत. काही जणी मोबाइलवरच्या भावातही घेत नव्हत्या. "थांबा, पुढच्या सेलात अजून पडन," असं एकमेकींना सांगत. कापसाचा भाव पडला तर माणूस नशिबाला, पावसाला, सरकारला बोल लावतो आणि पुढच्या वर्षी वाढेल म्हणून थांबतो. इथे बनवणाराच स्वतःच्या मालावर थुंकत होता. पडलेला भाव हाच खरा आणि आधीचा भाव ही लबाडी, असं सगळ्यांच्या मनाने घेतलं. आणि लबाडीचा भाव सांगणारी कोण? मी, पांढरे मोजे घालून.

मे महिन्यात, भर उन्हात, आर्वीच्या बाई आल्या. मी पाणी दिलं. मला वाटलं, त्या भांडायला आल्यात. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुतण्याच्या लग्नात त्यांनी ती बॅग नेली होती. जावेच्या मैत्रिणीने पाहिली, मोबाइल उघडला आणि म्हणाली, ही तर कालच सेलमध्ये पाहिली. जाऊ सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, "आमच्या आर्वीवाल्या हुशार हो, सेल लागल्याशिवाय हात घालत नाईत." सगळ्या हसल्या. बाईंनी सांगितलं, मी पुरे पैसे दिलेत. कुणी ऐकेना. मग त्यांनी पाकिटातून बिल काढलं.

"हे पाहा," त्या म्हणाल्या आणि ते बिल माझ्यापुढे ठेवलं. कागद कोरा होता. मशीनच्या बिलावरची शाई उन्हात, उष्म्यात उडून जाते. पाकिटाच्या घडीत पाच महिने राहिलेल्या त्या कागदावर एक अक्षर उरलं नव्हतं. "भर मांडवात कोरा कागद दाखवला मी. खरं बोलून खोटी ठरली."

मी म्हटलं, बॅग परत घेते, पैसे परत देते. त्यांनी मान हलवली. "पैसे नको मले. पक्कं बिल लिहून द्या. पुरी किंमत लिहा. सही करा."

सासऱ्यांच्या वेळचं बिलबुक अजून होतं. मी निळ्या शाईने लिहून दिलं, दुकानाचा शिक्का मारला, खाली सही केली. बाईंनी ते दोनदा वाचलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमचा काही दोष नाई." मला चाबूक बसला असता तरी इतका लागला नसता.

त्या एस्टी स्टँडपर्यंतही पोचल्या नसतील, तोवर मी साहेबाला फोन लावला. त्याने शांतपणे समजावलं, की कंपनीला आता जास्त लोकांपर्यंत पोचायचं आहे. मी विचारलं, ज्यांनी पुरे पैसे दिले त्यांचं काय? "जुन्या कस्टमरला फरक पडत नाही मॅडम, त्यांची खरेदी झालेली असते." म्हटलं, मग माझ्या कपाटातला माल परत घ्या. तर म्हणे, काउंटरचा माल परत होत नाही. आणि वर हेही ऐकवलं, "तुम्ही मात्र छापील किमतीच्या खाली विकू नका हं. आमचं लक्ष असतं."

खरेदी झालेली असते! हे वाक्य मी कितीतरी दिवस चघळत होते. स्वयंपाक करताना, दुकानाचं शटर उघडताना. नवरा म्हणायचा, जाऊ दे, धंद्यात असं होतं. ह्यांना सगळंच जाऊ देता येतं. मला येत नाही. माझ्या माहेरी म्हणतात, हिला राग आला तर दूध नासतं.

दिवाळीनंतर आम्ही हिंगणघाटहून एका बारशावरून परतत होतो. वाटेत हायवेवर जाम नावाचं गाव लागतं, तिथल्या चौकात चहाला थांबलो. रस्त्याच्या कडेला निळी ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर ढीग. टोप्या, चादरी, मोबाइलची कव्हरं आणि त्या बॅगा. नकली नाही. मी हातात घेऊन पाहिल्या. तीच अडकण, तोच शिक्का, आत कंपनीची चिठ्ठी, चिठ्ठीवर छापील किंमत. गोदामातला न विकलेला माल किलोवारी उचलून आणला आहे, असं विकणाऱ्याने सांगितलं. एका बॅगेवर ट्रकच्या चाकाची धूळ बसली होती. मी ती पदराने पुसली आणि तिथेच माझ्या डोक्यात सगळं जुळलं.

कमी भावात विकायला मला बंदी होती. वाटायला कोण अडवणार होतं?

जानेवारीत आमच्या घरी, वर्ध्याला लागूनच्या बोरगाव मेघेला, संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. त्यात सवाष्णींना वाण देतात. साबणाची डबी, चहाची गाळणी, प्लास्टिकचा डबा, असलं काहीतरी. एखादी वस्तू एकदा वाणात लुटली की तिची पत काय राहते, ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. काचेचे नक्षीचे बाऊल एके काळी शोकेसमध्ये ठेवायचे. एका वर्षी कॉलनीतल्या चौघींनी तेच वाणात लुटले आणि पुढच्या वर्षी त्यांत मांजरीला दूध घालू लागले. कंपनीच्या सेलने त्या बॅगेची पत पुरती मारली नव्हती. ते काम मी करणार होते.

नवऱ्याला न विचारता मी जामच्या त्या माणसाकडून होत्या नव्हत्या तेवढ्या बॅगा उचलल्या. कपाटातल्या उरलेल्याही त्यांत घातल्या. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या निवडत होत्या ती मेथी तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "वाण रागानं लुटत नसतात वं," त्या म्हणाल्या. "ते देवाचं नाव घेऊन देयाचं असते." मी म्हटलं, देवाचंच नाव घेऊन देते, फक्त तोंड कंपनीकडे करून. त्यांनी मेथी पुन्हा पुढ्यात ओढली.

बोलावणं मी मोबाइलवरून पाठवलं. कॉलनीच्या बायकांना पाठवलं, आणि वाण जेवढं पसरेल तेवढं बरं म्हणून दुकानाच्या फोनमधली गिऱ्हाइकांची यादी अख्खीच्या अख्खी निवडली. "रविवारी दुपारी हळदीकुंकवाला या, मैत्रिणींनाही आणा." यादीत कोण कोण आहे ते पाहिलं नाही. त्या दिवसांत मला कंपनीशिवाय दुसरं कुणी दिसतच नव्हतं.

रविवारी दुपारी दोनपासून बायका येऊ लागल्या. शाळेतल्या बाया, पोस्टातली, बँकेतली, आमच्याकडे भांडी घासणारी आणि तिच्या दोघी जावा, कोपऱ्यावरची भाजीवाली. मी हळदकुंकू लावायची, अत्तर, तिळगूळ, आणि पदरात बॅग. बायकांचे चेहरे बघण्यासारखे होते. "अवो बाई, हे तं लई महाग असते ना?" मी म्हणायची, "होती. आता भाजी आणाले ठेवा." भाजीवालीला मी मुद्दाम सांगितलं आणि तिने तिथेच आपल्या टोपलीतल्या मेथीच्या चार जुड्या बॅगेत कोंबल्या. सोनेरी अडकणीतून हिरवा पाला बाहेर. तिचा फोटो काढला. भांडीवालीने आपल्या चपला आत घालून दाखवल्या, तिचाही काढला. आणि ते सगळे फोटो मी कंपनीच्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकले, जिथे साहेब रोज सकाळी फुलं पाठवायचा. कुणी विचारलं, हे काय? मी लिहिलं, आमच्या गावचं वाण.

अर्ध्या तासात त्याचा फोन आला. मी तो सगळ्यांसमोर घेतला, स्पीकर लावून.

"मॅडम, हे काय चालवलंय तुम्ही? वरपर्यंत गेलेत फोटो. ब्रँडची इमेज..."

"इमेज?" मी म्हटलं. "ती तुमच्या लोकांनी जामच्या चौकात ताडपत्रीवर टाकून देली होती, साहेब. मी तं उचलून, पुसून, हळदकुंकू लावून वाटून राह्यली. उपकार माना."

तो फोटो ग्रुपवरून काढून टाका म्हणाला, काउंटर बंद करू म्हणाला, मग आवाज खाली आणून विनंती करू लागला. विनंती! सव्वा वर्षात पहिल्यांदा. मी फोन कापला. बायका टाळ्या वाजवून हसल्या आणि मीही हसले, पोट दुखेस्तोवर. इतकं बरं मला पहिल्यांदा दुकान बघायला लागले तेव्हाही वाटलं नव्हतं. असं वाटलं की आर्वीच्या बाईंचं देणं मी फेडलं.

तशीच हसत मी पुढच्या बाईला कुंकू लावायला वळले. अनोळखी होती, जरीची साडी, गळ्यात ठसठशीत सोनं. गिऱ्हाईक असेल किंवा कुणाबरोबर आली असेल. मी कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि ढिगातली वरची बॅग तिच्या पदरात टाकली. तपकिरी. तिने ती उलटसुलट करून पाहिली, अडकण उघडली, चिठ्ठी वाचली आणि ती मागे वळून हसली.

तिच्या मागे आर्वीच्या बाई उभ्या होत्या. ठेवणीतली साडी, खांद्यावर तीच बॅग. पट्टा दोन्ही हातांनी धरलेला.

"ह्या माह्या जाऊबाई," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "नागपूरच्या. सणाले आल्या होत्या आर्वीले. तुम्ही लिहून देलेलं बिल खरं नाई म्हणत होत्या, हातानं कोणीही लिहून देते म्हणे. तुमचं बोलावणं आलं, तं म्हटलं चला, बाईलेच विचारा."

मी तोंड उघडलं. म्हणाले, ह्यांनी पुरे पैसे दिले होते. एक रुपया मी कमी केला नव्हता. त्यांनी मागितला होता, तरी केला नव्हता. माझ्या चहूकडे बायका त्याच बॅगा खांद्याला लावून बघत होत्या, कुणाच्या बॅगेतून मेथी लोंबत होती, आणि माझा आवाज मलाच खोटारड्या दुकानदाराचा वाटला.

"असू द्या हो," जाऊबाई म्हणाली आणि मिळालेली बॅग आपल्या काखेत मारली. "गोड बोलाचा दिवस आहे."

मला आजही विचारलं तर कंपनीबद्दल मी एक शब्द मागे घेणार नाही. तिचं वाटोळं व्हावं असंच म्हणेन. पण तिचं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा सेल लागला.

रांग मागून ढकलत होती. सासूबाईंनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. दारात आलेल्या सवाष्णीला वाण न देता पाठवत नाहीत, आणि समोर धरलेलं वाण सवाष्ण नाकारत नाही. मी आर्वीच्या बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांनी डोळे मिटले नव्हते, त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी खांद्यावरची बॅग थोडी मागे सरकवली आणि पदर पुढे केला. मी त्यात बॅग टाकली.